पालटलेली पेशी, परतलेली पेशी

पेडण्यात किंवा डिचोलीत एखाद्याविषयी ‘टाटाला नेलंय’ एवढंच म्हटलं तरी ऐकणारा पुढचं विचारत नाही. आजार कोणता ते कळलेलं असतं. कुठल्या अवयवाचा, ते यथावकाश कळतं. पेडण्याची माणसं पेडणे स्टेशनावरून, डिचोली-साखळीकडची थिवीहून कोकण रेल्वे धरतात आणि परळ गाठतात. हॉस्पिटलच्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस या गोमंतकीय शल्यविशारदाचं नाव आहे. फाइल छातीशी धरून चाललेल्या माणसाला पाटी वाचायला सवड नसते, त्यामुळे आपल्याच मुलखातल्या डॉक्टराच्या नावाच्या रस्त्यावर आपण उभे आहोत, हे बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही.

या प्रकरणाचा विषय मात्र तिथला दवाखाना नाही, प्रयोगशाळा आहे. टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रं डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. गोमंतक मराठा समाजातले हे विकृतिशास्त्रज्ञ. आडनावातलं खानोली गाव तेरेखोल नदीच्या पलीकडे वेंगुर्ले तालुक्यात. १९५२ साली परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं, त्याचे ते संस्थापक-संचालक. त्यांच्या हाताखाली घडलेल्या कमल रणदिवे या मूळच्या पुण्याच्या. बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या पेशी बाटलीत वाढवायचं तंत्र शिकल्या. परत आल्यावर १९६०च्या दशकात त्यांनी या केंद्रात ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा थाटली. भारतातली ती पहिली समजली जाते. गाय म्हणजे तेच, ज्यांच्याकडे १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी पहिल्यांदा न थांबता वाढू लागल्या. ‘हीला’ नावाच्या त्या पेशी आजही जगभर वाढताहेत. त्यांची गाठ पुढे पडणार आहे.

पेशी बाटलीत वाढवता आल्या की रोग्याला जे विचारता येत नाही ते पेशीला विचारता येतं. त्यातला एक प्रश्न असा: कर्करोगी झालेली पेशी कधी माघारी फिरते का? आणि फिरली, तर ती खरोखर फिरली आहे हे ओळखायचं कसं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं: हो. दुसऱ्याचं उत्तर शोधण्यात संशोधकांची निम्मी हयात गेली, आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे.

हे प्रयोग मुख्यतः विषाणूंनी पालटलेल्या पेशींवर झाले. विषाणू म्हटलं की आपल्याकडे ताप आठवतो. डिचोलीच्या शेजारच्या सत्तरीत २०१५ साली पाली गावात माकडताप आला, पुढच्या वर्षी दोडामार्गात केर गावात. काजूच्या बागेत राबणारी माणसं गोचिडीच्या चाव्याने आजारी पडली. हा विषाणू पेशीत शिरतो, आपल्या प्रती काढतो आणि पुढे सरकतो. माणूस बरा झाला की विषाणूचा कारभार संपतो. अर्बुदकारक विषाणूंची चाल वेगळी. त्यांतले बरेचसे पेशीला मारण्याऐवजी आपली जनुकं तिच्या गुणसूत्रात घालून ठेवतात. मग पेशी विभागली की लेकीकडे विषाणूची जनुकंही जातात, नातीकडेही जातात. असा विषाणू बऱ्याचदा बाहेर पडत नाही, तापही आणत नाही. पेशीची वागणूक तेवढी बदलते.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउस यांनी १९११ साली कोंबडीच्या गाठीचा अर्क इतका बारीक गाळला की त्यात एकही पेशी उरू नये. तो दुसऱ्या कोंबडीला टोचला, तरी गाठ आली. गाठ विषाणूने येते हे लोकांना पचायला इतका वेळ लागला की राउस यांना नोबेल मिळालं ते १९६६ साली, वयाच्या ८७व्या वर्षी. मधल्या काळात, १९५८ साली, हॉवर्ड टेमिन आणि हॅरी रुबिन यांनी हेच काम कोंबडीऐवजी काचेच्या बशीत करून दाखवलं. कोंबडीच्या गर्भातल्या पेशींच्या थरावर राउसचा विषाणू टाकला की काही दिवसांनी ठिकठिकाणी बारीक पुंजके उठतात. एक पुंजका म्हणजे विषाणूने पालटलेली एक पेशी आणि तिचं गोत. पुंजके मोजले की विषाणू मोजला.

पुंजका का उठतो? बशीच्या तळाशी वाढणाऱ्या साध्या पेशी देवळातल्या पंगतीसारख्या बसतात: एकमेकांना खेटून, एका ओळीत, आणि जागा भरली की नवीन माणूस घ्यायचा नाही. पालटलेली पेशी ही शिस्त पाळत नाही. ती शेजारणीच्या अंगावर चढते, तिच्यावर तिसरी, आणि थरावर थर साचतात. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या जॉर्ज टोडारो आणि हॉवर्ड ग्रीन यांनी १९६३ साली उंदराच्या पेशींचा एक वाण तयार केला, तो या शिस्तीचा आदर्श म्हणता येईल. दर तीन दिवसांनी बशी बदलायची आणि दर वेळी बशीत तीन लाख पेशीच टाकायच्या, या नियमावरून त्याचं नाव पडलं ‘थ्री-टी-थ्री’. या पेशी चौरस सेंटिमीटरला सुमारे ५० हजार झाल्या की आपणहून थांबतात. त्यांना एसव्ही-४० या माकडाच्या विषाणूची लागण करा, आणि काही पेशींची शिस्त बिघडते. पोलिओची लस बनवण्यासाठी माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी वापरत, त्यांत हा विषाणू १९६० साली सापडला होता.

याच सुमारास उलटी वाटचालही दिसू लागली. १९६५ साली ग्लासगोच्या इयन मॅकफर्सन यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलं की राउसच्या विषाणूने पालटलेल्या हॅमस्टरच्या पेशींत काही पेशी पुन्हा साध्या वळणावर आल्या आहेत. अशा पेशींना आपण ‘परतलेल्या’ म्हणू. पण बशीत लाखो पालटलेल्या पेशी, त्यांत एखाददुसरी परतलेली. पालटलेली पेशी शोधणं सोपं असतं, कारण ती पुंजका करून स्वतःची जाहिरात करते. परतलेली पेशी काहीच करत नाही, आणि काही न करणं हीच तिची ओळख. गोंगाटात गप्प बसलेल्याला हुडकायचं कसं?

१९६८ साली रॉबर्ट पोलॅक, ग्रीन आणि टोडारो यांनी याला जे उत्तर दिलं ते मला आजवर वाचलेल्या प्रयोगांतलं सगळ्यात चतुर वाटतं. त्यांनी विष वापरलं, पण असं की ते फक्त वाढणाऱ्यालाच लागावं. फ्लुओरोडिऑक्सियुरिडिन नावाचं हे रसायन डीएनएचा एक घटक, थायमिन, तयार होऊ देत नाही. जी पेशी विभागायला निघते तिला नवा डीएनए लागतो, तो अर्धवट राहतो आणि ती मरते. जी पेशी विसावली आहे तिला थायमिनची गरजच नसते, तिचं काही बिघडत नाही. आता पालटलेल्या पेशींनी बशी भरू द्यायची, दाटी झाली की हे विष घालायचं. पालटलेल्या पेशी दाटीतही वाढतच असतात, त्या मरतात. दाटी झाल्यावर थांबायची आठवण ज्यांना पुन्हा झाली आहे, त्या वाचतात. मग विष धुऊन काढायचं, वाचलेल्यांना ताजा पोषक द्रव द्यायचा आणि एकेकीची वेगळी वसाहत करायची. या वसाहती सूक्ष्मदर्शकाखाली पसरट दिसत, म्हणून इंग्रजीत त्यांना ‘सपाट’ असंच म्हणू लागले.

या गाळणीलाही भोक आहे. पेशीतल्या थायमिडिन कायनेज या विकराने हात लावल्यावरच हे रसायन विषारी होतं. ज्या पेशीत तो विकरच बिघडला आहे ती पालटलेली असूनही विषातून सहीसलामत सुटते आणि परतलेल्यांच्या रांगेत येऊन बसते. म्हणून वाचलेल्या प्रत्येक वसाहतीला पुन्हा परीक्षा: या वेळी पेशी विरळ पेरायच्या, म्हणजे साधी पेशीही वाढत असेल, आणि तेव्हा विष द्यायचं. खरी परतलेली पेशी आता मरायला हवी. जी मरत नाही ती फक्त विषाला निर्ढावलेली. पहिल्या चाचणीत जगणं हा पुरावा, दुसऱ्या चाचणीत मरणं हा पुरावा. नवख्या विद्यार्थ्याचा इथे हमखास घोटाळा होतो.

आता वसाहत हाती आली. ती खरोखर परतली आहे का? सगळ्यात आधी माणूस डोळ्यांनी पाहतो, आणि सगळ्यात कमी भरवसा याच साक्षीवर ठेवावा. पेशी पसरट दिसते ती बशीच्या प्लॅस्टिकमुळे, पोषक द्रव शिळा झाल्यामुळे, किंवा नुसती आजारी असल्यामुळेही. त्यामुळे पाहणं सोडून मोजणं सुरू करावं लागतं. रोज एक बशी घ्यायची, ट्रिप्सिनने पेशी सुट्या करायच्या, मोजणीच्या काचेवर मोजायच्या आणि चौरस सेंटिमीटरला किती पेशींवर वाढ थांबते ते पाहायचं. शेजारी दोन बशा कायम हव्यात: मूळ साधी पेशी आणि तिची पालटलेली आवृत्ती. त्या दोन आकड्यांच्या मध्ये आपली पेशी कुठे बसते, यावरच काही बोलता येतं. दुसरी मोजणी रक्तद्रवाची. संवर्धनाच्या द्रवात वासराचं रक्तद्रव साधारण १० टक्के घालतात. ते १ टक्क्यावर आणलं की साधी पेशी वाढ थांबवते, पालटलेली निभावून नेते. परतलेल्या पेशीने इथे साधीसारखं थांबायला हवं. गंमत अशी की दाटीत थांबायला शिकलेल्या सगळ्याच पेशी इथे थांबत नाहीत. एक सवय सुटते, दुसरी तशीच राहते.

तिसरी परीक्षा सगळ्यांत नावाजलेली, आणि तिचं साहित्य आपल्या स्वयंपाकघरात असतं. खडे दुधात वितळवून पुडिंग थापतात ते चायनाग्रास म्हणजेच अगर, तांबड्या समुद्रशैवालातून निघालेलं. प्रयोगशाळेतही ते स्वयंपाकघरातूनच आलं. जंतू वाढवायला जिलेटिन उन्हाळ्यात वितळतं म्हणून वैतागलेल्या वाल्टर हेस यांना १८८१ साली त्यांच्या पत्नीने, फॅनी हेस यांनी, आपल्या जेलीत वापरायचं अगर सुचवलं. हरमल-केरीच्या खडकांवर ओहोटीला जे शेवाळ उघडं पडतं, तशा गोव्याच्या किनाऱ्यावरच्या शैवालांचा अभ्यास दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत उंटावले, धारगळकर यांच्यासारख्या संशोधकांनी केला आहे.

१९६४ साली मॅकफर्सन आणि ल्यूक माँतान्ये (तेच, ज्यांना पुढे एड्सच्या विषाणूसाठी २००८चं नोबेल मिळालं) यांनी पेशींना बशीच्या तळाला चिकटू न देता मऊ अगरमध्ये लोंबकळत ठेवलं. साध्या पेशीला वाढायला पायाखाली काहीतरी घट्ट लागतं. अधांतरी ती विभागत नाही. पालटलेली पेशी अधांतरीही वाढते आणि तिचा गोळा होतो.

कृती सांगायला सोपी आहे, हाताला नाही. आधी तळाशी सुमारे अर्धा टक्का अगरचा थर द्यायचा आणि गोठू द्यायचा. मग वरच्या थरासाठी ०.३ टक्क्यांचं अगर. अगर वितळतं ८५ अंशांच्या आसपास, गोठतं मात्र चाळिशीच्या खाली. या दोन आकड्यांमधली फट हीच कामाची जागा. वितळलेलं अगर पाण्याच्या टाकीत ४२ अंशांवर आणून ठेवायचं. त्याहून फार गरम असेल तर पेशी पोळतात, थंड झालं तर पिपेटच्या टोकातच गुठळी धरते. पेशी शेवटच्या क्षणी मिसळायच्या, नळी दोनदा हलकेच उलटसुलट करायची, बुडबुडा येऊ द्यायचा नाही आणि लगेच बशीत ओतायचं. पेशी नीट सुट्या झाल्या आहेत ना, हे ओतल्याबरोबर सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठेवावं लागतं. नाहीतर आधीपासूनच चिकटलेला आठ पेशींचा लगदा तीन आठवड्यांनी ‘गोळा’ म्हणून मोजला जातो. बशा ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या पेटीत. अधूनमधून वरून थेंब थेंब पोषक द्रव, म्हणजे अगर सुकणार नाही. दोन-तीन आठवड्यांनी रंग देऊन गोळे मोजायचे. मोजणाऱ्याला कुठली बशी कुणाची ते सांगायचं नाही. परतलेल्या पेशींच्या बशीत साध्या पेशींइतकेच, म्हणजे जवळपास शून्य गोळे दिसायला हवेत.

बाकीच्या चाचण्या झटपट सांगतो. गव्हाच्या अंकुरातलं किंवा एका शेंगेच्या बियांतलं एक प्रथिन पालटलेल्या पेशींना एकमेकींशी गोळा करून टाकतं, साध्यांना तेवढं नाही. परतलेल्या पेशी साध्यांसारख्या सुट्या राहतात. पेशीच्या आत ॲक्टिनचे दोर असतात, ते पालटल्यावर विसकटतात आणि परतल्यावर पुन्हा ताणले जातात. चमकणारा रंग लावला की हे दोर सूक्ष्मदर्शकाखाली देखणे दिसतात आणि नियतकालिकांच्या मुखपृष्ठावर हमखास छापले जातात. पण देखणेपणाच्या मानाने त्यांचं निदानमूल्य बेताचंच.

मऊ अगरची गोष्ट वेगळी. १९७५ साली सुंग-इल शिन, पोलॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वेगवेगळ्या सवयी एकेक करून पडताळल्या: यांतली कुठली सवय असली की पेशी प्राण्यात खरोखर गाठ करते? त्यासाठी त्यांनी केस नसलेले, जन्मतः थायमस ग्रंथी नसलेले उंदीर वापरले. या उंदरांचं शरीर परकी पेशी नाकारत नाही. उत्तर आलं की गाठ करण्याशी घट्ट जुळतं ते अधांतरी वाढणंच. दाटी न जुमानणं, कमी रक्तद्रवावर जगणं, यांचा गाठीशी तितका संबंध नाही. म्हणून कुणी ‘आमच्या पेशी परतल्या’ म्हटलं की जाणकार पहिला प्रश्न विचारतो तो अगरचा, दुसरा उंदराचा. उंदराचा प्रयोग आपल्याकडे प्राणी-नैतिकता समितीच्या परवानगीशिवाय करता येत नाही, आणि अगरने आधीच निकाल दिला असेल तर तो करावाच का, हेही विचारलं जातं. विचारायला हवंच.

इथवर आपण पेशीची वागणूक पाहिली. विषाणूचं काय झालं, ते अजून विचारलेलंच नाही. परतलेल्या पेशीतून विषाणूची जनुकं निघून गेली असतील तर गोष्ट सरळ आहे: कारण गेलं, परिणाम गेला. पण जनुकं तिथेच असतील आणि तरीही पेशी शहाण्यासारखी वागत असेल, तर बदल पेशीत झाला आहे. तिने विषाणूला दाद न देण्याची काहीतरी युक्ती काढली आहे, आणि ती युक्ती शोधण्यासारखी आहे. बाहेरून दोघी सारख्याच दिसतात.

निवाडा करायच्या रीती दोन. एक म्हणजे विषाणूचं प्रथिन शोधणं. एसव्ही-४०ने पालटलेल्या पेशीच्या केंद्रकात ‘टी’ नावाचं प्रथिन असतं. त्याच्यावर बसणारी प्रतिपिंडं चमकत्या रंगाला बांधून लावली की केंद्रक अंधारात हिरवं उजळतं. दुसरी रीत अधिक धीट. उंदराच्या पेशीत एसव्ही-४० आपल्या प्रती काढू शकत नाही. आफ्रिकेतल्या हिरव्या माकडाच्या पेशीत काढू शकतो. मग या दोन पेशी एकमेकींत मिसळून टाकायच्या. त्यासाठी जपानच्या सेंदाई शहराच्या नावाचा एक विषाणू अतिनील किरणांनी निकामी करून वापरत. तो मारक राहत नाही, पण पेशींची आवरणं एकमेकांना जोडून देतो. जोडलेल्या पेशीत माकडाकडची सामग्री मिळताच दडलेला एसव्ही-४० जागा होतो आणि प्रती काढून बाहेर पडतो. १९६७ साली हे दोन गटांनी स्वतंत्रपणे करून दाखवलं. बाहेर आलेला विषाणू ताज्या थ्री-टी-थ्री पेशींवर टाकायचा. त्या पालटल्या तर विषाणू धडधाकट होता, आणि परतलेल्या पेशीचं परतणं हे तिचं स्वतःचं कर्तृत्व.

पोलॅक यांच्या सपाट पेशी या दुसऱ्या प्रकारच्या निघाल्या. विषाणूची जनुकं आत शाबूत. १९७० साली त्यांची गुणसूत्रं मोजली तेव्हा ती पालटलेल्या आईपेक्षा जास्त भरली. सरळ अर्थ असा की साध्या पेशीच्या जनुकांची मात्रा वाढली तर विषाणूचा जोर दबतो. पहिल्या प्रकारच्या परतलेल्या पेशी हव्या असतील तर युक्ती वेगळी: जिच्यात विषाणूच्या जनुकांची एकच प्रत आहे अशी पालटलेली पेशी निवडायची. एक प्रत बिघडायला एक अपघात पुरतो. १९७८ साली बेटी स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी उंदीरवर्गातल्याच रॅटच्या अशा पेशींतून टी-प्रथिन नसलेल्या परतलेल्या पेशी वेगळ्या काढल्या. दरम्यान बर्कलीत स्टीव्हन मार्टिन यांनी १९७० साली राउसच्या विषाणूचा एक उष्णतेला हळवा वाण मिळवला होता. कमी तापमानाला पेशी पालटलेली, तापमान चढवलं की परतलेली, उतरवलं की पुन्हा पालटलेली. पालट एकदा झाला म्हणजे झाला असं नसतं. विषाणूच्या प्रथिनाला तो सतत चालू ठेवावा लागतो.

विषाणूला दाद न देण्याच्या पेशीच्या युक्तीच्या शोधाला पुढे फळ आलं ते जपानी संशोधक माकोतो नोदा यांच्या हातून. कर्स्टन सार्कोमा विषाणूने पालटलेल्या आणि नंतर परतलेल्या पेशींवर १९८३ साली त्यांनी पुन्हा कर्करोगी जनुकं लादून पाहिली. त्या दाद देईनात. मग कुठल्या मानवी जनुकाने पालटलेली पेशी सपाट होते, हे ते हुडकत गेले, आणि त्यातून ‘रेक’ नावाचं जनुक हाती लागलं. ते पेशीभोवतीच्या जाळ्याला कुरतडणाऱ्या विकरांना आवर घालतं. अनेक गाठींत ते मंदावलेलं सापडतं.

आता हीला पेशींकडे. हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या गटाने १९८४-८५ साली दाखवलं की या पेशींत मानवी पॅपिलोमा विषाणूचा १८ क्रमांकाचा प्रकार बसलेला आहे. त्याची ई-६ आणि ई-७ ही दोन प्रथिनं पेशीचे दोन पहारेकरी, पी-५३ आणि आरबी, निकामी करतात. मूळ विषाणूत ई-२ नावाचं तिसरं प्रथिन या दोघांना काबूत ठेवतं. विषाणू गुणसूत्रात घुसताना नेमका ई-२चा तुकडा मोडतो आणि लगाम सुटतो. मग बाहेरून ई-२ परत दिलं तर? अनेकांनी दिलं, आणि १९५१पासून वाढत असलेल्या हीला पेशी थांबल्या. २००० साली येल विद्यापीठाच्या डॅनियल दिमायो यांच्या गटाने दाखवलं की त्या झपाट्याने म्हाताऱ्या होतात. पेशीचं म्हातारपण ओळखायचा एक रंग आहे. सामू ६ असलेल्या द्रावणात ठेवून हा रंग दिला की म्हाताऱ्या पेशी निळ्या होतात. बशी निळी झाली.

याला परतणं म्हणावं का? मला वाटतं, नाही. परतलेली पेशी जागा मिळाली की पुन्हा साधेपणाने वाढते. ही पेशी कायमची थांबली. तरी चाचणीच्या दृष्टीने दोघी पहिल्या पायरीवर सारख्याच दिसतात: दाटीत वाढ नाही, अगरमध्ये गोळा नाही. म्हणून विरळ पेरून पुन्हा वाढते का ते पाहणं आणि निळ्या रंगाची चाचणी करणं, हे आता यादीत धरावंच लागतं.

याच पॅपिलोमा विषाणूची परीक्षा प्रयोगशाळेबाहेरही मराठी मुलखात मोठी झाली आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ५२ ग्रामसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायकांची नोंद घेऊन टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्था यांनी तपासण्यांची तुलना केली. पॅपिलोमा विषाणूच्या डीएनएची एकच चाचणी केलेल्या गटात पुढारलेला कर्करोग आणि त्याचे मृत्यू ठळकपणे घटले, असं २००९ साली प्रसिद्ध झालं. ज्या गटाला कुठलीच तपासणी दिली नाही त्या बायकांविषयी नंतर बरीच टीका झाली, आणि ती अस्थानी नव्हती. विषाणू पेशीत आहे का, हाच प्रश्न पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या बाईच्या नमुन्यालाही विचारता येतो. फरक इतकाच की तिथे पेशी बहुधा अजून पालटलेली नसते.

आज टी-प्रथिनाऐवजी विषाणूच्या जनुकाचा क्रमच वाचता येतो, पीसीआरने किती प्रती आहेत ते दोन तासांत कळतं. तरीही परतलेल्या पेशीचा दावा करण्याआधी एक जुनी तपासणी चुकवून चालत नाही: ही पेशी तीच आहे ना? १९६६ साली स्टॅन्ली गार्टलर यांनी एका विकराच्या आधारे दाखवलं की वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून विकल्या-वाटल्या जाणाऱ्या अनेक पेशी प्रत्यक्षात हीलाच होत्या. एकाच कपाटात काम करताना एक थेंब उडाला तरी पुरतो. ‘परतलेली’ वसाहत म्हणजे नुसती शेजारच्या बाटलीतून आलेली साधी पेशी असू शकते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून मागवलेली कुपी असली तरी आपल्या बाटलीत आल्यावर तिची ओळख पुन्हा पटवावी लागते. मानवी पेशी असेल तर डीएनएतल्या छोट्या पुनरावृत्तींचा ठसा, उंदराची असेल तर गुणसूत्रांची मोजणी.

त्याच्याबरोबर मायकोप्लाझ्माचीही चाचणी. हे बारके जंतू संवर्धनात दिसत नाहीत, द्रव गढूळ करत नाहीत, पण पेशीच्या वाट्याचं पोषण खातात आणि थायमिडिन फस्त करतात. पेशी मंदावते, थोडी पसरते, डीएनए बनवल्याची खूण कमी उमटते. कागदावर हे सगळं परतल्याचंच चित्र. मायकोप्लाझ्मा निघाला तर ती बाटली ऑटोक्लेव्हमध्ये जाते, त्या पेटीतल्या बाकीच्या बाटल्या तपासणीला, आणि द्रव नायट्रोजनमध्ये जपून ठेवलेली जुनी कुपी बाहेर काढून मोजणी पहिल्यापासून सुरू होते.